रूपाबाईचं लेखी म्हणणं

"ह्या बाईला सरकारचा पगार हाये साहेब. हिचा फारम बाद करा," असं म्हणून नामाजीनं डोक्यावरचा फेटा सारखा केला, आणि कळमनुरीच्या तहसील कचेरीतल्या त्या कोंदट खोलीत सगळ्यांच्या माना रूपाबाईकडे वळल्या.

पगार! रूपाबाईला आधी हसूच आलं. पंधरा वर्षं ती गावात अंगणवाडी चालवत होती. लेकरांना उसळ शिजवून घालायची, त्यांची वजनं घ्यायची, पोलिओच्या डोसाला घरोघर फिरायचं, आणि महिनाअखेर हातात पडायचं ते मानधन. दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. त्या मानधनाला पगार म्हणणारा नामाजी हा पहिलाच माणूस. ज्या एका शब्दासाठी तिनं दर हिवाळ्यात नागपूरच्या मोर्चात पाय झिजवले, एकदा पोलिसाची काठी पाठीवर घेतली, तो शब्द हा म्हातारा आज फुकटात देऊन चालला होता. आणि नेमका आजच तो घ्यायची सोय नव्हती.

कारण आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या अर्जांची छाननी होती, आणि सरकारी नोकराला उभं राहता येत नाही. वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली होती. एक अर्ज रूपाबाईचा, दुसरा नामाजीच्या सुनेचा, सुकन्याचा. सुकन्या भिंतीकडे तोंड करून, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. बोलायचं काम सासऱ्याचं होतं.

नायब तहसीलदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही सरकारी नोकर आहात का? हो की नाही, तेवढंच सांगा."

तेवढंच! रूपाबाईच्या जिभेवर 'हो' आलं आणि दातांशी अडलं. ती म्हणाली, "साहेब, दोनी खरं असलं तर चालत न्हाई का? दुसऱ्या देशात बाया हेच काम नोकरी म्हणून करतेत, अन् निवडूनबी येतेत."

"बाई, आपण कळमनुरीत आहोत," साहेब म्हणाले.

खोली हसली. साहेबही थोडे हसले, मग त्यांना वाईट वाटलं असावं. "जेवणाच्या सुट्टीनंतर तुमचं लेखी म्हणणं द्या. ते बघून निर्णय देतो."

दुसऱ्या देशातलं हे खूळ तिच्या डोक्यात घातलं होतं गुंजननं. मागच्या उन्हाळ्यात ही हिंगोलीचीच पण पुण्यात शिकणारी पोरगी गावात येऊन राहिली होती. चार देशांत लेकरं सांभाळणाऱ्या बायांना काय मिळतं, त्यांच्या संघटना कशा चालतात, त्या कुणाला मत देतात, यावर तिला मोठा प्रबंध लिहायचा होता. पोतं अंथरून ती लेकरांतच बसायची. अंगणवाडीची मदतनीस पारूबाई तिला विचारायची, "ताई, बाया मोजायला इतकं लांब हिंडायचं? चार देशाचं भाडं कोण देतं?"

गुंजन सांगायची, "तिकडे एका देशात या बायका नगरपालिकेच्या नोकर असतात. पगार, पेन्शन, सगळं. आणि नगरपालिकेत निवडूनही येतात. बैठक असली की रजा मिळते."

"मंग लेकरं कोण बघतं?" रूपाबाईनं विचारलं होतं.

"दुसरी बाई येते ना."

"सरकार दुसरी बाई देतं?" पारूबाईला हे इतकं अचाट वाटलं की तिनं हसून हसून पदर तोंडात कोंबला. रूपाबाई मात्र हसली नव्हती. त्या दिवसापासून तिच्या मनाला एक चाळाच लागला होता.

पण ती निवडणुकीला उभी राहिली ते काही परदेशाचं ऐकून नव्हे. अंगणवाडी भरायची वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एका पत्र्याच्या शेडमध्ये. मधे ना भिंत, ना कुंपण. श्रावणात संतरामची चार वर्षांची पोर चेंडूमागे धावली आणि ट्रकखाली आली. जीव वाचला, पाय गेला. गावठाणात मोकळी जागा होती, इमारतीला मंजुरीही येऊन पडली होती. पण त्या जागेवर नामाजीच्या मेंढ्या बसत, आणि ठराव पंचायतीत दर वेळी एका मतानं पडे. ते एक मत रूपाबाईला हवं होतं. बाकी राजकारणाची तिला हौस नव्हती.

कचेरीबाहेर आली तेव्हा तिचा नवरा शिवहार कडुनिंबाखाली उभा होता. त्यानं पुडीतली भजी पुढं केली. तिनं एक हातात घेतलं, तसंच धरून राहिली, मग पुन्हा पुडीत टाकलं. आवाराला एक चक्कर मारली. नळावर पाणी प्याली, परत आली, परत गेली. पायाला भिंगरी लावल्यागत तिचं चाललं होतं.

"बस की जरा. काहून फिरून राहिली?" शिवहार म्हणाला. "न्हाई म्हणून लिहून दे अन् मोकळी हो. कागदाला काय जातं?"

"तुमाला न्हाई समजायचं."

"मला समजतं ते एवढंच, संतरामची पोरगी आता काठीवर चालती."

हे त्यानं बोलायला नको होतं. ती तडक रस्त्यापलीकडच्या टेलिफोनच्या दुकानात गेली आणि तिनं हिंगोलीला फोन लावला. अंगणवाडीच्या बायकांच्या संघटनेच्या सरोजिनीताई पलीकडे होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रूपाबाई, असं लिहून देऊ नका," त्या म्हणाल्या. "आपण कामगार आहोत म्हणून कोर्टात भांडतोय. तुम्ही जिल्ह्याच्या उपाध्यक्ष. तुमच्याच सहीचा कागद उद्या सरकारचा वकील आपल्या तोंडावर फेकेल."

"मंग फारम बाद होतो, ताई."

"होऊ द्या. पाच वर्षांनी पुन्हा उभ्या राहा."

"पाच वर्षांनी जागा बायांची राहीलच असं न्हाई. अन् लेकरं तवर रस्त्यावरच?"

सरोजिनीताई काही दगडाच्या नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही. लाखभर बायकांचा प्रश्न आहे."

रूपाबाईनं फोन ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला सरोजिनीताईंचा राग आला, शिवहारचा आला, त्या पुण्याच्या पोरीचा आला. सगळ्यांत जास्त आला तो स्वतःचा, कारण फोन लावायच्या आधीच तिचं मन कुठं झुकलंय हे तिला माहीत होतं.

अर्ज लिहिणारा म्हातारा टेबल टाकून बसला होता. त्यानं कागद पुढं ओढला. "सांगा बाई, काय लिवू?"

"मी लिहिते," ती म्हणाली. दहावी शिकलेली होती ती. हे दुसऱ्याच्या हातानं लिहवून घेणं तिला बरं वाटेना. उभ्याउभ्याच तिनं लिहिलं, की मी शासनाची नोकर नाही, मला वेतन मिळत नाही, मी मानधनावर समाजसेवा करते. सही केली. अक्षर नेहमीसारखं गोल आलं नाही.

अर्ज मंजूर झाला. नामाजी कचेरीच्या पायरीवर तिला म्हणाला, "शाब्बास पोरी. आता बोलल्याला जागशील ना?"

"जागते, मामा," ती म्हणाली, आणि तिचं तोंड कडू झालं.

निवडणूक ती जिंकली. फार फरकानं नव्हे, पण जिंकली. ठराव झाला, मेंढ्या ओढ्यापलीकडे गेल्या, आणि पुढच्या दिवाळीच्या आत गावठाणात दोन खोल्या उभ्या राहिल्या. भोवती कुंपण, दाराला कडी, अंगणात नळ. पहिल्या दिवशी लेकरं आत शिरली ती आपलाच आवाज घुमतो म्हणून उगीच ओरडत सुटली. संतरामची पोर काठी टेकत आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. तिला बघून रूपाबाईला वाटलं, केलं ते बराबर केलं. असं वाटणं दोन-तीन दिवस टिकायचं.

मग एक दिवस सरोजिनीताईंचा फोन आला. सरकारच्या वकिलानं कोर्टात तो कागद वाचून दाखवला होता. निकाल लागला नव्हता, तारीख पडली होती. "मी काही तुम्हाला बोलणार नाही," त्या म्हणाल्या, "पण यंदा नागपूरला तुम्ही येऊ नका. बायका चिडल्या आहेत. थोडं थंड होऊ द्या."

"व्हय ताई," रूपाबाई म्हणाली.

डिसेंबरात संघटनेनं संप पुकारला. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना कुलूप लागणार होतं. नागपूरला जायचं नसलं तरी कुलूप तरी लावावं, असं तिच्या मनात होतं. आदल्या दिवशी नामाजी नातवाला घ्यायला आला. सुकन्याचं लेकरू इथंच यायचं, नामाजीची त्याला कधी आडकाठी नव्हती.

"उद्या बंद ठेवणार म्हणं?" त्यानं विचारलं. "समाजसेवेला संप कसला, रूपाबाई? तूच लिहून दिलं व्हतं न्हाई का?"

तो कुजकं बोलला नाही, हीच तकलीफ. साधं विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, आणि शब्द तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं. पारूबाई जाण्याच्या तयारीत, हातात भाकरीचं फडकं घेऊन उभी.

"बाई, तुमी म्हणसाल तर म्या न्हाई जात. एकल्या कशा करसाल?"

"जा तू. दोघींनी कशाला ऱ्हायचं?" रूपाबाईनं आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. "तिकडं थंडी लई असती. अन् पुढं पुढं करू नको, पोलीस पुढल्यालाच मारतेत."

रस्त्यावर जीप थांबली. आतल्या बायका ओळखीच्याच होत्या. एकीनं रूपाबाईकडे पाहिलं आणि नजर वळवली. एकीनं हात वर केला, पण तो निरोपाचा की पारूबाईला बोलवायचा, ते कळलं नाही. पारूबाई चढली. जीप निघाली तशी आतून घोषणा उठली, "आमी कोण?" आणि दहा-पंधरा गळ्यांनी उत्तर दिलं, "कामगार!"

रूपाबाई आत येऊन चुलीपाशी बसली. खिचडी खाली लागत होती. ती ढवळते तोच मागून एक बारीक आवाज आला, "आमी कोण?" नामाजीचाच नातू होता तो. बाकीच्यांना तेवढंच पुरलं. सगळी लेकरं ताटल्या बडवत ओरडायला लागली, "कामगार! कामगार!" ज्यांना म्हणता येत नव्हतं ती 'कामदाल' म्हणत होती. नव्या भिंतींत तो आवाज दुप्पट होऊन घुमत होता.

रूपाबाईनं त्यांना गप्प केलं नाही. पातेलं उचलून ती रांगेच्या टोकाला गेली आणि एकेकाच्या ताटलीत खिचडी वाढत शेवटापर्यंत आली. लेकरं जेवली, निजली. मग पारूबाईच्या वाटणीची भांडी घेऊन ती नळावर घासायला बसली.