लावून दाखवा, मग विका

मित्रांनो, मी एक जुना टेस्टिंग बोर्ड आहे आणि मी रागावलो आहे.

माझ्या मालकांनी, भाईंनी, मालवणच्या बाजारात विजेच्या वस्तूंचे दुकान काढले, तेव्हा फणसाच्या फळीवर सॉकेट आणि बटणे बसवून मला स्वतः बनवले. आमच्याकडची खारी हवा बंद खोक्यातही शिरते, नव्या वस्तूलाही गंज चढतो. म्हणून पंखा असो की मिक्सर, गिऱ्हाईकासमोर माझ्यावर लावून दाखवल्याशिवाय भाई तो बाहेर जाऊ देत नसत.

शिरोड्याची सलोनी काउंटरवर नोकरीला लागली, तेव्हा तिने पहिला मिक्सर माझ्यावरच लावला. भांड्यात पाणी घातले, झाकण विसरली आणि भाईंचा सदरा चिंब केला! पुढे ती कुडाळ शाखेची मॅनेजर झाली. एका दुकानाची नऊ झाली होती; भाई गेल्यावर घरच्यांनी त्या सगळ्यांचा कारभार तिच्या हाती दिला. मला केवढा अभिमान वाटला!

आणि तिने पहिला हुकूम कोणता काढावा? खोकी उघडायची नाहीत! उघडलेले खोके पाहून गिऱ्हाईकाला माल जुना वाटतो म्हणे. मला मागच्या गोदामात झाडूंशेजारी उभे केले. माझ्यावर शिकलेल्या मुलीने!

परवा धामापूरच्या हौसाबाई टेम्पोतून फ्रिज परत घेऊन आल्या. नवऱ्याच्या इन्सुलिनसाठी त्यांनी तो आदल्याच दिवशी नेला होता. घरी तो सुरूच झाला नाही. काउंटरवरच्या देवेशने सांगितले, कंपनीचा माणूस चार दिवसांनी येईल.

“चार दिस माज्या घोवाची इंजेक्शनां खंय ठेवू रे?” हौसाबाई ओरडल्या. “भाई आसते तर असा झाला नसता!”

सलोनी त्या दिवशी दुकानातच होती. तिचा चेहरा उतरला.

“मावशे, चूक माझी आसा,” ती म्हणाली आणि मला स्वतः उचलून आणले. दुसरे खोके फोडले, फ्रिज माझ्यावर लावला. तोही मुका! तिसरा मात्र घरघरला. तो तिने लगेच धामापूरला पाठवला.

मग सलोनी खाली बसली. सीलबंद माल गेलेल्या घरांची यादी तिने मागवली आणि एकेका घरी स्वतः फोन लावू लागली. मी पुन्हा काउंटरवर आहे, पण माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, मोठे व्हा, नऊ सोडून नव्वद दुकाने चालवा. पण आपण दिलेली वस्तू चालते की नाही, हे सांगायला कोणा हौसाबाईला धामापूरहून परत यायला लावू नका.