मामाची सराव परीक्षा

शरदचंद्र सरांच्या मुलीचं लग्न लातूरला होणं शक्य नव्हतं. कारण सर लोकप्रिय होते. वीस वर्षं त्यांनी फिजिक्सचे क्लास घेतले. एका वर्षाला आठशे पोरं, प्रत्येक पोरामागं आई-बाप, शिवाय पोर डॉक्टर झालं म्हणून कायमचे उपकृत काका आणि पोर डॉक्टर झालं नाही म्हणून कायमचे रागावलेले काका. पत्रिका कुणाला द्यायची हा प्रश्न सोपा होता. कुणाला न देता त्याच गल्लीत राहायचं, हा अवघड होता.

तोडगा मुलीनं, मृण्मयीनं, काढला. अंदमानला शिडाची बोट भाड्यानं मिळते. चार दिवस बेटाबेटांतून हिंडायचं आणि पहिल्या सकाळी बोटीवरच लग्न लावायचं. बोटीवर परवानगी फक्त बारा माणसांची.

सरांना समुद्राचं विशेष काही वाटलं नाही, पण बारा हा आकडा आवडला. भेटेल त्याला ते हळहळून सांगू लागले, "आम्हाला सगळ्यांना बोलवायचं होतं हो. पण नियमच तसा आहे. बारा म्हणजे बारा." माणसावर रुसणारी माणसं लातुरात पुष्कळ आहेत, नियमावर रुसलेला अजून कुणी पाहिला नाही. मी त्यांचा शेजारी. मीही समजूतदारपणे मान हलवली होती. मग नवऱ्या मुलाच्या आत्याचे गुडघे आखडले, त्यांचं येणं रद्द झालं आणि बारावा मी झालो.

नवरा मुलगा श्रीनाथ नांदेडचा, बँकेत नोकरीला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्याला सगळं चालत होतं. बोट चालत होती, बारा माणसं चालत होती, शेरवानी चालत होती, धोतरही चालत होतं.

अडचण होती ती रामकिशनमामांची.

रामकिशन हे सरांच्या बायकोचे, सिंधुताईंचे, थोरले भाऊ. औसा तालुक्यात शेती. आपल्याकडं मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा असतो. त्याला काही बोलायचं नसतं, काही करायचं नसतं. नुसतं उभं राहायचं. एवढं सोपं काम, पण ते करायचं होतं बोटीवर, आणि मामा हलणाऱ्या वस्तूवर पाय ठेवत नव्हते.

त्याला कारण होतं. त्र्याण्णव साली मृण्मयी अडीच महिन्यांची होती आणि सिंधुताई बाळंतपणासाठी आलेल्या माहेरीच होत्या. गणपती बुडवून गाव झोपलं. पहाटे पोर रडायला लागली. बहिणीला झोप मिळावी म्हणून मामांनी पोरीला खांद्यावर टाकून खळ्यात नेलं, आणि थंडीत का नेलं म्हणून भांडायला सिंधुताई मागोमाग आल्या. भांडण सुरू झालं तेवढ्यात जमीन हलली. आई-वडील घरात होते. घर तिथल्या तिथं बसलं.

तेव्हापासून मामांचा जमिनीवर विश्वास नाही. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात त्यांनी कडबा भरला आणि स्वतः अंगणात बाज टाकली. बाजेजवळ तांब्यावर पेला उपडा ठेवत, म्हणजे जमीन हलली की तो आधी वाजेल. मोटारसायकल चालवत, कारण ती आपण हलवतो. झोपाळा, लिफ्ट, सरकता जिना यांना मात्र ते लांबूनच नमस्कार करत.

मृण्मयीनं बापाला एकच सांगितलं. "मामा पाठीशी नसला तर मी हार घालणार नाही. बोट वापस फिरवा."

सर चिंतेत पडले नाहीत. भीती म्हणजे सरावाचा अभाव, असं त्यांचं ठाम मत. एकच प्रश्न पोराला इतक्या वेळा सोडवायला लावायचा, की परीक्षेत तो दिसला तर पोराला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटावं. या पद्धतीला सगळा महाराष्ट्र लातूर पॅटर्न म्हणतो. सरांनी मेहुण्याच्या तीन सराव परीक्षा लावल्या आणि वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं.

पहिली परीक्षा बागेतल्या झोपाळ्यावर. मामा बसले, पण पाय जमिनीवरून उचलले नाहीत. सरांनी शून्य दिलं.

"बसले तरी ना," सिंधुताई म्हणाल्या. "दोन मार्क द्या की."

"पायऱ्यांचे मार्क बोर्डात असतात, सिंधु. इथं उत्तर बरोबर किंवा चूक."

दुसरी परीक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहण्याची. मामा छान उभे राहिले. इंजिन चालू झाल्यावर ते शांतपणे खाली उतरले आणि बांधापर्यंत ट्रॅक्टरच्या पुढं चालत गेले. ड्रायव्हरला वाटलं, रस्ता दाखवत आहेत.

तिसरी नांदेडला, विष्णुपुरीच्या जलाशयात, एका कोळ्याच्या होडीवर. ही पूर्ण तयारीनिशी होती. लग्न लावणारे विरूपाक्षशास्त्रीही आले होते. होडी काठापासून चार हात सुटली, शास्त्रीबुवांनी पहिलं सावधान म्हटलं, आणि मामा सावध झाले. कमरेइतक्या पाण्यात उतरून, फेटा कोरडा ठेवून, ते काठावर आले. सरांनी उणे एक दिला.

"दाजी," धोतर पिळत मामा म्हणाले, "नापास पोराला तुम्ही पुढल्या सालाला रिपीटर म्हणून बसवता. मला नगा बसवू. माझं वय न्हाई ते."

मग मृण्मयी एकटी गावी गेली. सरांना वाटलं, ती समजूत काढेल. ती समजूत काढणाऱ्यांपैकी नाही. बाजेवर बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही येताय का नाही?"

"येतो की. काठावर उभा राहतो. तितून दिसशील तू."

"पाठीशी म्हणजे पाठीशी. काठावर तर फोटोवालापण थांबत नाही."

"माय, माझं मन ऐकतंय. पाय ऐकंनात."

"मग मी भ्याले तर कुणाकडं बघू? श्रीनाथकडं बघून काय फायदा, त्याला मी भ्यालेलीपण चालते."

मामांनी तांब्यावरचा पेला उगाच सारखा केला. मग म्हणाले, "तिथं पाणी किती खोल हाय?"

"असेल वीस-पंचवीस पुरुष."

"म्हंजी मधीच उतरता येत न्हाई."

"नाही."

"हां," मामा म्हणाले. घरच्यांनी हा होकार धरला. मामांनी तो कोणत्या अर्थानं म्हटला, हे कुणी विचारलं नाही.

हैदराबादहून विमान होतं. सगळ्यांना मामांची काळजी, पण विमानाचं मामांनी काहीच मनावर घेतलं नाही. वर जमीनच नाही तर हलेल काय, असं त्यांचं म्हणणं. हलल्या त्या सिंधुताई, तेही हॉटेलात उतरल्यावर. लातूरला आदल्याच वर्षी रेल्वेनं पाणी आलं होतं. त्यांनी खोलीतल्या दोन्ही बादल्या, जग, ग्लास आणि चहाची किटली भरून वर ताटल्या झाकल्या आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "यहाँ पानी कितने दिनआड आता?" पोरगी समुद्राकडं बघत राहिली. सिंधुताईंनीही बघितलं. "हे तर आमच्या बोअरसारखं झालं," त्या म्हणाल्या. "दिसतंय लई, पिता येत नाही."

लग्नाच्या सकाळी बारा माणसं पैठण्या, फेटे आणि उपरण्यांसह बोटीवर चढली. सरांनी हजेरी घेतली. बोटीचा कॅप्टन तिथलाच, हिंदी बोलणारा, कमी बोलणारा. त्यानं सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या आणि पैठण्यांकडं बघून कोपऱ्यातल्या बादल्या मोजल्या. त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही.

धक्का सोडला तेव्हा पाणी हौदासारखं होतं. मामा मात्र डोलकाठीच्या बुडाशी बसले होते, दोन्ही हातांनी दोर धरून, डोळे मिटून. "अर्धे मार्क," सर माझ्या कानात म्हणाले. "चढला तरी."

बेटाला वळसा घातला, शीड उघडलं आणि बोट एका बाजूला कलली.

"घाबरायचं कारण नाही," सर उभे राहून सांगू लागले. "बोट कलते पण उलटत नाही, कारण तिचा गुरुत्वमध्य..." वाक्य तिथंच राहिलं. सर कठड्याकडं गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. पाठोपाठ शास्त्रीबुवा बसले, मग आडवे झाले. सिंधुताईंनी बादली मांडीवर घेतली. श्रीनाथला न चालणारी एक गोष्ट जगात होती, ती त्याला त्या दिवशी सापडली. हे सगळं मी पाहिलं असं नाही. मलाही एक बादली मिळाली होती. पण ऐकू सगळं येत होतं.

"आधे घंटे में हवा और बढ़ेगी," कॅप्टन म्हणाला. "शादी करनी है तो अभी."

मृण्मयी एका हातात हार आणि दुसऱ्या हातात डोलकाठी धरून उभी राहिली. समोर नवरा मुलगा कठड्याला मिठी मारून होता. तिनं मागं पाहिलं.

मामा बसलेलेच होते, पण डोळे उघडे होते. ते पाण्याकडं बघत होते, पेरणीच्या आधी माणूस आभाळाकडं बघतो तसे.

"मामा," ती म्हणाली.

"थांब जरा." मामांनी कॅप्टनला हाक मारली. "कप्तानसाब, ये बडी वाली आनेकू रहती, तो पयले दिखती क्या?"

"दिखती है, चाचा. वो देखो. तीसरी वाली."

मामांनी लाटा मोजल्या. एक आली, दुसरी आली, तिसरी खरंच मोठी होती. बोट वर गेली, खाली आली. मामांनी एक हात सोडला.

"मामा, उभे राहताय का?"

"आजून एक बघू दे."

पुढच्या तीन आल्या, कॅप्टननं बोटानं दाखवल्या तशाच, त्याच क्रमानं. मामांनी दुसरा हात सोडला आणि उभे राहिले. त्र्याण्णवच्या आधी हा माणूस वखरावर उभा राहून बैल हाकायचा, हे मला सिंधुताईंनी नंतर सांगितलं. पाय तसेच फाकलेले, गुडघे सैल.

"सिंधे," ते म्हणाले, "हे सांगून हलतंय गं."

बादलीतून आवाज आला, "काय?"

"सांगून हलतंय. आपल्याकडं न सांगता हललं."

  सिंधुताईंनी बादली बाजूला ठेवून पदरानं तोंड पुसलं आणि भावाकडं बघत राहिल्या.

मामा नवरीच्या पाठीशी येऊन उभे राहिले. उजवा हात तिच्या खांद्यावर. डाव्या हातानं त्यांनी श्रीनाथचं बखोट धरून त्याला उभं केलं. नवऱ्याच्या पाठीशी नवरीचा मामा कुठल्या शास्त्रात बसत नाही, पण शास्त्रीबुवा आडवे होते. त्यांनी आडव्यानंच मंगलाष्टकं म्हटली आणि आवाजात काही उणं पडू दिलं नाही. मधूनमधून मामा सांगत होते, "आली. धरा. हां, गेली." बारा माणसांचं लग्न त्या बोलावर चालू लागलं. कठड्यापाशी बसलेल्या सरांनी हात वर केला, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा.

"रामकिशन, पुढची मोठी कधी?"

"सांगतो की, दाजी. तुम्ही पुढं बघा, खाली नगा बघू."

सरांनी ऐकलं. त्यांना बरं वाटल्याचं दिसलं.

"आता घाल," मामा मृण्मयीला म्हणाले. "थांब. ही जाऊ दे. हां. घाल." तिनं हार घातला. श्रीनाथचा हार पहिल्या खेपेला मामांच्या गळ्यात पडता पडता राहिला. आम्ही अक्षता टाकल्या, त्या वाऱ्यानं उचलून परस्पर समुद्राला वाहिल्या. पाण्यात मासे जमले. निमंत्रण नसताना आलेले तेवढेच.

लग्न लागलं. माणसं असतील तिथं आडवी झाली. श्रीनाथ नव्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि ते तिला चाललं. उभे फक्त दोघं होते, कॅप्टन आणि मामा.

"मामा, झालं लग्न," मृण्मयी म्हणाली. "बसा आता."

"बसतो की," मामा म्हणाले. ते लांब कुठंतरी बघत होते. "ती पलीकडची मोठी दिसतीय न्हवं, तेवढी येऊन जाऊ दे."

ती आली. तिच्या मागं आणखी एक होती.