राखणदार नगराचं गाऱ्हाणं

मालवणातून धामापूरकडे जाताना कातळाच्या सड्यावर जी शंभरेक घरांची वसाहत लागते, तिचं 'राखणदार नगर' हे नाव माझ्या थापेतून पडलं. तिथे जागेची राखण करणारा देव, राखणदार, कधीच नव्हता. चिरेखाण होती. कामगार गुरुदास त्या खाणीत दरड कोसळून मेला, त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी नेहमीच्या गोष्टींसारखं सांगून टाकलं, की इथला राखणदार सात हात उंच, खांद्यावर घोंगडी, आणि त्याचा मान चुकला म्हणून त्याने माणूस नेला. लोकांनी मला दोन चहा पाजले. खाणमालक बाबूशेटने तर आभाराने माझा हातच धरला. पोलीस चौकशीत त्याच्याविरुद्ध साक्षीला मग कोणी गेलं नाही. देवाविरुद्ध कोण बोलणार? पुढे खाण बुजवून बाबूशेटने प्लॉट पाडले, राखणदाराची घुमटी बांधली, वसाहतीला त्याचं नाव दिलं.

यंदा कमानीवर नावाचा फलक लागायचा होता. सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान माझा. सकाळीच गुरुदासची बायको यशोदा दारात उभी.

"दाजी, दरडीक भेग पडली हा म्हणान माझ्या घोवान बाबूशेटीक दोनदा सांगल्यान होता. आता देवान बाप नेलेल्या घरातली म्हणान माझ्या नम्रताचा जमलेला लगीन मोडला. आज खरा सांगा."

"आणि बाबूशेट गो?"

"थापो मारताना भियालात नाय, आता कित्याक भियतात?"

घुमटीपुढे सगळी वसाहत जमली होती. नम्रताला नाकारणारा मुलाचा बापही हात जोडून उभा होता. मी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, तू हय कधी नव्हतस."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"गुरुदासाक तू नेलस नाय. भेग दिसत होती, तरी बाबूशेटीन त्याका खाली धाडल्यान. आणि मी खोटा बोललंय म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळ्यांत खणखणीत आवाज बाबूशेटचा. त्याचं लक्ष फलकावरच्या हाराकडे होतं. गाऱ्हाण्यातला 'म्हाराजा' तेवढा कानावर घ्यायचा आणि 'होय' म्हणायचं, ही आमची पिढ्यांची सवय. मागून कोणी म्हणालं, "आटपा दाजी, ऊन चढला."

नारळ फुटला, फलक उघडला, प्रसाद वाटला. यशोदा खांबाजवळ तशीच उभी होती. तेवढ्यात मुलाचा बाप नारळ घेऊन माझ्याकडे आला.

"दाजी, त्या घराशी बोलणी केल्यानी आमका बाधा नको. एक गाऱ्हाणा घाला."

मी नारळ त्याच्या हातात परत दिला. "हय देव नाय रे. खाण होती. माणूस दरडीखाली मेलो."

तो यशोदेकडे न बघता हसला. "ही नवी गोष्ट काय, दाजी? बसान सांगा मगे," म्हणाला, आणि नारळ स्वतःच घुमटीत ठेवून आला.