भिंगरीचं हसू

“बाबा, चूळ एकाच बाजूनं सांडतेय!” भिंगरी वैतागून म्हणाली.

न्हाव्यानं लेकीकडे पाहिलं. तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. उजवा डोळा मिटता मिटत नव्हता. कान दुखतो म्हणून ती काल रडली, तेव्हा त्यानं थंडीवर ढकललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कानातले बारीक फोड पाहिले. “लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?”

“हो, बालवाडीत असताना. पण त्या तर केव्हाच बऱ्या झाल्या.”

“कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र नसेत दडून बसतो. तो आता जागा झालाय. चेहरा हलवणाऱ्या नसेला सूज आलीय. वेळेवर आलात. बरंच सुधारेल, पण अगदी पहिल्यासारखं होईलच, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार.”

औषध सुरू झालं. डोळ्यात थेंब, झोपताना पट्टी. न्हाव्यानं घरातला आरसा गुपचूप माळ्यावर टाकला.

फोड वाळले तशी भिंगरी थेट दुकानात आली आणि मोठ्या खुर्चीत चढून बसली. “घरातला लपवलास. इथला कुठे लपवशील?” आरशात बघत ती घोकू लागली, “पा, बा, मा...” ओठ जुळेनात. गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक बाकावर तिष्ठत बसलं.

“शाळेतल्या बाई म्हणतात, यंदा स्पर्धेतलं भाषण दुसऱ्या मुलीला देऊ,” एक दिवस ती म्हणाली. “मी नाही म्हटलं.”

“पोरं हसतील गं.”

“हसू देत. मी बोलत राहीन.”



स्पर्धेत पहिल्याच वाक्याला तिचा ‘प’ घसरला. मागून खुसखुस झाली. भिंगरी थांबली, बोटानं गाल सावरला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून खणखणीत म्हटलं. मग ती थांबलीच नाही. नंबर आला नाही. टाळ्या मात्र बराच वेळ वाजत राहिल्या. न्हाव्याचे हात दुखले.

बाहेर फोटोवाला मुलांना ओळीनं उभं करत होता. “बाळ, जरा वळ. चांगली बाजू इकडे कर.”

जन्मभर गिऱ्हाइकांच्या हनुवट्या हव्या तशा वळवणारा न्हावी लेकीमागे उभा होता. त्यानं हात पाठीशी घट्ट धरले.

भिंगरीनं समोर पाहिलं आणि ती हसली. अर्धा चेहरा उजळला. अर्धा तसाच राहिला, डोळा टक्क उघडा.

“काढा आता,” न्हावी म्हणाला.