बोयाला बांधलेली बोट

त्या वर्षी उन्हाळा असा माजला होता की गच्चीवर मांजर बसलं, तर उठताना त्याचे निम्मे केस तिथेच चिकटून राहायचे. हवामान खात्याच्या खोलीत मात्र एसीचा गारठा, तिथे धाकटी शाल पांघरून बसायची. धाकटी म्हणजे घरातली धाकटी. ऑफिसात तिला 'बाई' म्हणत, आणि तिचा दादा म्हणायचा 'ढगूबाई'.

काम काय, तर समुद्रांवर नजर ठेवायची. एकावर नाही, सगळ्यांवर! भिंतीवर हा एवढा नकाशा. पूर्वेच्या महासागरात एक वादळ भोवऱ्यासारखं गरगरतंय, पश्चिमेच्या महासागरात दुसरं नुकतं बाळसं धरतंय, आणि पार दक्षिणेला, जिथे आपल्या उन्हाळ्यात हाडं गोठवणारी थंडी असते, तिथे तिसरं. अजस्र होतं ते, पण कुणाच्याच वाटेला जाणारं नव्हतं. धाकटीनेच त्याच्यावर शेरा मारला होता, 'धोका नाही'. आणि आपला समुद्र? ताटात ओतलेल्या तेलासारखा गप्प.

दादा मासे पकडायचा आणि थापा मारायचा. जास्त काय करायचा, ते सांगणं कठीण. वस्तीत त्याला बाताड्याच म्हणत. एकदा म्हणे जाळ्यात एवढा लांब मासा लागला, की डोकं बोटीत आलं सोमवारी आणि शेपूट यायला बुधवार उजाडला. लोक हातातली कामं टाकून ऐकायचे.

आता किनाऱ्यापासून खूप लांब खात्याने लाटा मोजायला एक तरंगता बोया सोडलेला होता. पिवळाधमक, खोलीएवढा, तळाशी साखळीने बांधलेला. लाट आली की तो वर-खाली व्हायचा, आणि किती वर, किती खाली, तो आकडा थेट धाकटीच्या पडद्यावर. या बोयाच्या सावलीत मासे जमतात हे बाताड्याला कळलं, आणि मग काय विचारता! पठ्ठ्या सरळ बोयालाच बोट बांधून बसायला लागला. बोटीचा हिसका बसला की बोया नाचायचा, आणि धाकटीच्या पडद्यावर सपाट समुद्रात मध्येच डोंगर उभा राहायचा.

तिने पहिल्यांदाच ओळखलं होतं. फोन केला होता.

"दादा, बोयाला बोट बांधतोस ना?"

"मी? छे! तोच येऊन चिकटतो. एकटा पडतो बिचारा."

"बोट जप्त करतील तुझी."

"त्यांना सांगणार कोण? तू?"

ती कशाला सांगतेय! सख्खा भाऊ, त्याच्याच बोटीवर आईचं आणि त्याचं घर चाललेलं. असा आकडा आला की ती तो खोडायची आणि शेरा मारायची, 'यंत्र अडकलं'. साहेब कधी विचारायचे नाहीत. त्यांना खात्यात 'पारा' म्हणत, कारण तो सदा चढलेला, आणि चढलेल्या माणसाला बारीकसारीक कुठे दिसतं?

त्या दिवशी सकाळी आल्या आल्या पडद्यावर डोंगर दिसला. धाकटीने खोडला. थोड्या वेळाने आणखी एक. खोडला. मग एकामागून एक.

"आज दादाला घबाड लागलेलं दिसतंय," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि खोडत राहिली.

दुपारी डबा खाऊन तिने आईला फोन लावला, सहज. उचलला दादाने.

"बोला ढगूबाई! पाऊस पाडताय का?"

"तू घरी कसा?"

"इंजिन रुसलंय. मी म्हटलं, मलाही झोप आलीय, दोघं रुसू. आईच्या गुडघ्याला तेल लावतोय."

"आज समुद्रात गेलाच नाहीस?"

"अगं नाही म्हणतोय ना!"

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. डोंगर पुन्हा उभा होता, आधीच्यापेक्षा उंच. बोयाजवळ कुणी नव्हतं. तो नुसत्या पाण्याने उचलला जात होता.

मग तिला ते दक्षिणेचं वादळ आठवलं. वादळ तिथेच राहिलं होतं, वारा तिथेच विरला होता, पण त्याने ढकललेलं पाणी निघालं होतं, अख्खा महासागर तुडवत, चार दिवस न थांबता. आता ते बोया ओलांडून पुढे आलं होतं.

"दादा, आईला घे आणि वस्तीतल्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढ. मोठ्या लाटा येतायत."

दादा खदखदून हसला. "वारा नाही, ढग नाही, आणि लाटा? वा! हे तर मलाही सुचलं नसतं. आई, तुझी लेक माझ्या वळणावर गेली!"

"दादा, तुझ्या पाया पडते. दाराबाहेर बघ."

चपलांचा आवाज.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता. "पाणी कुठे गेलं? बोटी वाळूवर बसल्यात." लगेच ओरडला, "आई, ऊठ!" आणि फोन बंद.

धाकटी साहेबांच्या केबिनमध्ये धावत गेली.

"साहेब, किनाऱ्याचा भोंगा वाजवा. मी सकाळपासून खरे आकडे खोडत होते. मला वाटलं, भावाने बोट बांधलीय."

पारा चढला नाही. साहेबांनी सरळ भोंग्याचा फोन उचलला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

भोंगा वाजला, पण तोवर पहिली लाट वस्तीत शिरली होती.

संध्याकाळी ती टाकीपाशी पोचली तेव्हा जिन्यावर, गच्चीवर माणसंच माणसं. सगळी भिजलेली, पण जिवंत. जाळी विणणारी शेजारीण म्हणाली, "तुझ्या दादाने दारन् दार ठोठावलं गं. नुसतं 'पाणी येतंय, पळा' एवढंच. ना मासा, ना मीठमसाला. बाताड्या एवढं आखूड बोलला, तेव्हाच आमची पाचावर धारण बसली. म्हणून पळालो."

"तो कुठाय?"

शेजारीण पदर पिळत राहिली. "टोकाच्या घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ठोठावलेलं ऐकू येईना, म्हणून आत गेला. त्या घराचा आता चौथराही दिसत नाही."

आई वरच्या पायरीवर बसली होती. दादाने तिला पाठीवर घेऊन तिथे आणून सोडलं होतं. धाकटी शेजारी जाऊन बसली. खाली गल्लीतून गढूळ पाणी वाहत होतं, त्यात दारं, पातेली, कुणाचीतरी खाट. आभाळ मात्र लख्ख होतं, पान हलत नव्हतं.

"तुला कधी कळलं गं?" आईने विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. दुपारी कळलं, म्हटलं असतं तर ते पुरतं खोटंही नव्हतं.

"आकडे सकाळीच आले होते," ती म्हणाली. "मीच खोडले."



"सकाळी," आई म्हणाली, "सकाळी तर तो माझ्याजवळ बसून चहा पीत होता."