चंद्रशेखरनं पुसलेल्या ओळी

इकडं हिंदी मुलखात, चेरीतालच्या आमच्या फराळाच्या दुकानाच्या काउंटरवरून पुतण्यानं, चंद्रशेखरनं, माझ्या लेकीला विनीताला काढलं ते गिऱ्हाइकांच्या देखत. "ताईचं शिकलेलं आता जुनं झालं," म्हणाला. ऑर्डरी घेणारं सर्व्हर तिनंच बसवलेलं. ते मी विसरले नाही.

ते सर्व्हर सुरू करताना दरवेळी पिवळ्या अक्षरांत कुरकुरायचं. काही सेटिंगांची जुनी नावं पुढच्या आवृत्तीत चालणार नाहीत, असं विनीतानं मला समजावलं होतं. मला चटकन कळलं. माहेरची मी इंदू. लग्नात ताटातल्या तांदळांत सत्यभामा लिहिलं. नाव बदललं, भाकरी मात्र मलाच थापाव्या लागल्या!

"आई, चंद्रशेखरला सांगू का? तो नवी आवृत्ती टाकून राहिला."

"तोंड उघडून तर बघ," मी म्हटलं.

ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर त्यानं ती टाकली. सर्व्हर जुन्या नावावर अडलं. तिथं नवं नाव लिहायचं, तर या शहाण्यानं ओळच पुसली. पुढं अडलं, तीही पुसली. शेवटी चालू झालं आणि हा खूश. ऑर्डर कुठं जमा करायची, ते सांगणारी ओळही त्यातच गेली होती. लोकांनी महालक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या ऑर्डरी दिल्या, दुकानात एक पोचली नाही. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी बायका दारात उभ्या, करंज्यांचा पत्ता नाही.

चंद्रशेखर धावत माझ्याकडे आला. "काकू, ताईला पाठवा ना. घरातल्या घरात मिटवू."

"काहून? काढलं तेव्हा घर आठवलं नाही? चल दुकानात, काढलं तिथंच सगळ्यांसमोर परत बोलव."

सगळ्यांसमोर हात जोडून तो पुटपुटला, "काउंटर ताईचा आहे. ताईच सांभाळेल."

"जोरात बोल भैया, मागे ऐकू नाही आलं."

तो पुन्हा बोलला, जोरात. मग विनीता बसली. पुसलेल्या ओळी नव्या नावांनी लिहिल्या, सर्व्हर ताळ्यावर आलं. हरवलेल्या ऑर्डरी काही परत येणार नव्हत्या.

"मी समजावते लोकांना," ती उठू लागली.

"तू बस. पुसलं त्यानं, तोंड त्याचं दिसू दे."

एकेकीपुढं जाऊन तो म्हणत राहिला, "गलती मेरी है, दीदी. काय सांगितलं होतं तुम्ही?" कांचघर मोहल्ल्यातल्या एकीनं त्याची अशी खरडपट्टी काढली, की मला काही बोलावं लागलं नाही. मी खुर्ची ओढून पंख्याखाली बसले. शेवटची बाई जाईपर्यंत उठले नाही.