पापनाशमचा नाताळ

सुंदरीची थोरली बहीण लूर्दक्का दसऱ्याच्या सुमारास वारली. सुंदरीच्या माहेरचं वडीलधारं माणूस तेवढंच उरलं होतं. तंजावूरच्या घरी सुंदरी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. हे फोनवर कळल्यापासून चेन्नईतल्या तिच्या मुलीला, कीर्तनाला, चैन पडेना. डिसेंबर लागताच तिने आईवडिलांना सांगून टाकलं, की यंदा घरात नाताळ करायचा, अम्माच्या लहानपणी व्हायचा तसा.

सुंदरी मूळची आरोक्यमेरी, पापनाशमच्या तमिळ ख्रिस्ती घरातली. वेंकटराव तिथल्या शाळेत शिकवायला असताना दोघांचं जमलं. लग्न होऊन ती या मराठी घरात आली तेव्हा सासूने, अंबाबाईंनी, तिचं नाव बदललं, भाषा शिकवली, सणवार शिकवले. मायाही केली. फक्त नाताळचं नाव घरात निघू दिलं नाही. अंबाबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते निघालं नव्हतं.

वेंकटराव मुलीचं ऐकून हौसेने कामाला लागले. बांबूच्या कामट्या बांधून त्यांनी कागदाची चांदणी केली. ती एका बाजूला कलली, तरी ओट्यावर टांगली. कीर्तना चार दिवसांची रजा घेऊन आली, गोठ्यातल्या बाळ येशूच्या मातीच्या मूर्ती घेऊन आली. मग तिने अच्चुमुरुक्कू, साच्याने तळायची नाताळची कुरकुरीत फुलं, करायला घेतले. साचा शेजारून मागून आणला होता. पीठ साच्याला चिकटून बसे, कढईत सुटेना.

"अम्मा, तुम्ही पिठात नारळाचं दूध घालायचात का?" तिने विचारलं.

"आठवत नाही गे. ते अक्का करायची."

एवढं बोलून सुंदरी थांबली असती. पण कीर्तना विचारत राहिली, तेव्हा तिने सांगितलं. लग्नानंतर काही वर्षं लूर्दक्का नाताळच्या दिवशी गाडीने यायची, फराळाची टोपली घेऊन. अंबाबाई तिला ओट्यावर पान वाढायच्या, प्रेमाने विचारपूस करायच्या. टोपली मात्र उंबऱ्याच्या आत येत नसे. अक्काची पाठ वळली की अंबाबाई ती टोपली दूधवाल्याला देऊन टाकत. एका वर्षी अक्का छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरली आणि तिने ते पाहिलं. त्यानंतर ती आली नाही.

"अप्पा कुठे होते तेव्हा?"

"तिथेच. पेपर वाचत होते."

वेंकटराव दारात उभे होते. "आईला दुखवायचं कशाला म्हणून मी..." ते म्हणाले. सुंदरी कढईतले तुकडे झाऱ्याने गोळा करू लागली.

नाताळच्या सकाळी वेंकटरावांनीच पापनाशमला जाऊ या म्हटलं. न मोडलेले मुरुक्कू डब्यात भरले आणि तिघं कीर्तनाच्या गाडीने निघाली. लूर्दक्काच्या घराचं दार तिच्या सुनेने उघडलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. मागून जेरोम, अक्काचा मुलगा, आला. मावशीला ओळखून त्याने तिचे दोन्ही हात धरले. वेंकटरावांना त्याने ओळखलं नाही. सुंदरीला सांगावं लागलं.

सुनेने बसायला खुर्च्या दिल्या. मग दुकानातून शीतपेयाच्या बंद बाटल्या मागवल्या आणि केळी आणून ठेवली.

"आमच्या सासूबाई सांगून गेल्यात," ती संकोचून तमिळमध्ये म्हणाली, "तंजावूरची माणसं आली तर घरातलं काही पुढे करू नका, त्यांना चालत नाही."

वेंकटरावांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "घरातलंच काहीतरी दे, बाळ."

तिने अच्चुमुरुक्कू आणले. ते हलके, खुसखुशीत होते. जेरोमने सांगितलं, आई दर नाताळला सुंदरीचा वाटा वेगळा काढायची आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही.

जेरोम सुंदरीला अक्काच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला घेऊन गेला. वेंकटराव उठले होते, पण तिने मागे वळून पाहिलं नाही, तसे ते पुन्हा बसले. परत आल्यावर तिने पाय धुतले आणि आज इथेच राहते म्हणाली.

"उद्या न्यायला येऊ?" वेंकटरावांनी विचारलं.

"उद्या नको. मी येईन माझी बसने."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना समजूत तरी घालता आली असती. ते गाडीत बसले तेव्हा आतून तिचं तमिळ ऐकू येत होतं, भरभर, हसतखेळत. सासूच्या घरात ती अशी कधी बोलली नव्हती.

जानेवारीत पोंगलचा सण झाल्यावर सुंदरी परत आली. घर पहिल्यासारखं चालू लागलं. पुढच्या नाताळलाही ती पापनाशमला गेली. बरोबर येऊ का, हे विचारायचं वेंकटरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी तिची पिशवी उचलली, बसस्टँडपर्यंत गेले आणि तिला खिडकीजवळची जागा धरून दिली.